बन नको म्हणणाऱ्या बाईंची छागल

मित्रांनो, मला पाहून तुमच्यापैकी अर्धे जण विचारतील, ही कसली मळकी पिशवी? उरलेले म्हणतील, हिला भोक पडलंय वाटतं, ठिबकून राहिली आहे. दोघांचंही बरोबर आहे. मी जाड कॅनव्हासची पिशवी आहे आणि मी ठिबकतेच. मी एक जुनी छागल आहे. घरोघरी फ्रिज यायच्या आधी वऱ्हाडातल्या उन्हात गार पाणी कोण पाजत होतं, ते तुमच्या आजोबांना विचारून पाहा. ते माझं नाव घेतील आणि वर एक उसासाही टाकतील. तो उसासा त्यांच्याजवळच राहू द्या. मला त्याची गरज नाही, कारण मी अजून कामावर आहे.

माझा जन्म मूर्तिजापूरचा. स्टेशनसमोरच्या गल्लीत एक शिंपी ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचा आणि उरलेल्या कॅनव्हासमधून छागली बेतायचा. कडेनं दुहेरी शिवण, वरच्या कोपऱ्याला तोंड, तोंडात लाकडी बूच आणि खांद्याला अडकवायला सुती दोर. शिवून झाल्यावर त्यानं मला पाण्याच्या टाक्यात बुडवून ठेवलं. कोरं कॅनव्हास पाणी धरत नाही. धागे पाणी पिऊन फुगले, एकमेकांना बिलगले, की मग पाणी आत थांबतं. तरी थोडं पाझरतंच. ते वारा सुकवतो आणि तेवढ्यानं आतलं पाणी गार होतं. म्हणजे माझं सगळं कसब गळण्यात आहे. चारचौघांत सांगायला जरा अवघड जातं, पण आहे ते आहे.

मला विकत घेतलं ते शकुंतला गाडीच्या रुळांवर राबणाऱ्या एका गँगमननं. आमची शकुंतला म्हणजे अरुंद रुळांवरची गाडी. तिला कुठे पोचायची घाई कधीच नव्हती. त्या रुळांच्या कडेला, बाभळीच्या फांदीवर, माझी पहिली वर्षं गेली. गँगमनची मुलगी शिकली, तिला सरकारी नोकरी लागली, तेव्हा बापानं तिच्या खांद्यावर मला अडकवलं. "उन्हात हिंडाची नौकरी हाये," एवढंच तो म्हणाला. लेकीला द्यायला त्याच्याजवळ याहून कामाचं दुसरं काही नव्हतं, आणि याहून कामाचं दुसरं काही असतं असं मला अजूनही वाटत नाही.

ती मुलगी म्हणजे माया गवई. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. गावोगाव जायचं आणि गाई-बैलांना लाळ्या-खुरकुताची, घटसर्पाची लस टोचायची. एका खांद्यावर लसीचा थर्मास, दुसऱ्या खांद्यावर मी. लसीला बर्फ लागायचा, मला नुसता वारा. त्यामुळे दोघींत जास्त लाडाची कोण होती, ते सांगायला नको. पण थर्मासनं कुणाची तहान भागवली नाही, हेही तितकंच खरं. गावकरी तिला डॉक्टरीनबाई म्हणू लागले. ती डॉक्टर नव्हती आणि तसं ती दर वेळी सांगायची. कोणी ऐकायचं नाही. मीही तिला पुढे मायाबाईच म्हणू लागले.

त्यांच्या वाट्याला आलेल्या गावांपैकी एक बोरमाळ. त्या गावात पहिल्या उन्हाळ्यात बैलाला मायाबाईंच्या हातून सुई टोचून घ्यायला सगळे तयार होते, पण माझं पाणी घ्यायला फारसं कोणी तयार नव्हतं. मायाबाई बौद्धवाड्यातल्या, हे गावाला ठाऊक होतं. लोक तसं तोंडावर म्हणत नसत. "तहान नाई लागली," म्हणत आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत. एका दुपारी खुशालराव नावाचा उमदा पोऱ्या बिथरलेल्या गोऱ्ह्याची वेसण धरून उभा होता. त्याचा बाप धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बघत होता. गोऱ्ह्याला सुई लागली तशी त्यानं वेसण सोडली, मायाबाईंसमोर ओंजळ धरली आणि बापाच्या देखत पोटभर पाणी प्याला. बाप त्याच्याशी पुढे कित्येक दिवस बोलला नाही. मायाबाई आणि खुशालरावांची दोस्ती तेव्हापासूनची. भेटले की खुशालराव म्हणणार, "जय भीम, बाई," आणि मायाबाई म्हणणार, "रामराम, भाऊ." दोघंही समोरच्याचा नमस्कार आपल्या तोंडी घेतात. मला ते फार आवडतं.

बोरमाळच्या पश्चिमेला गावाची चराईची जमीन आहे. सरकारी कागदात ती ई-क्लास, गावाच्या तोंडी इक्लास. वरवर पाहाल तर तिथे काही नाही. ना झाड, ना विहीर, नुसतं गवत. दुपारची एसटी गेली की पुढची संध्याकाळी, म्हणून मायाबाई त्या गवताच्या कडेला, एकुलत्या एका बाभळीखाली बसून राहायच्या. तिथे बकऱ्या चारायला गोदाबाई यायची. ही गोदाबाई बोलायला लागली की बकऱ्याही चरायच्या थांबतात. दोघी माझं पाणी पीत बसायच्या आणि करायला काही नाही म्हणून समोर बघायच्या. बघता बघता मायाबाईंना दिसायला लागलं. खुराच्या खळग्यात टिटवीनं मांडलेली अंडी दिसली. गाणं म्हणत उभा वर चढणारा आणि गाणं संपलं की दगडासारखा खाली येणारा चंडोल दिसला. हिवाळ्यात परमुलखातून येऊन गवतातच निजणारे भोवत्या ससाणे दिसले. कोणी शिकवलं नाही. आधी पाखरू पाहिलं, मग कुठून तरी पुस्तक मिळवून त्याचं नाव शोधलं.

मग त्या लिहायला लागल्या. अकोल्याच्या एका दैनिकानं त्यांचा पहिला मजकूर छापला, मग दुसरा, आणि पुढे दर रविवारी 'माळावरची खबर' नावाचं सदरच सुरू झालं. पाठवण्याआधी त्या प्रत्येक मजकूर बाभळीखाली मोठ्यानं वाचायच्या. ऐकायला गोदाबाई, तिच्या बकऱ्या आणि मी. गोदाबाईची तक्रार ठरलेली असे. "एवढ्याश्या पाखराचं नाव लिवता, अन् माह्या चांदी बकरीचं नाई लिवत." शेवटी एका रविवारी चांदी बकरी छापून आली. गोदाबाईनं तो कागद बकरीला दाखवला. बकरीनं तो खाल्ला. आजवर एवढ्या मनापासून कोणी साहित्य घेतलेलं मी पाहिलं नाही.

आणि मग एका श्रावणात तो दिसला. तणमोर. कोंबडीएवढा पक्षी, काळी मान, डोक्यामागे तुऱ्यासारखी पिसं. गवत वाढलं की नर उड्या मारतो, मादीला दिसावं म्हणून. गवताच्या वर क्षणभर येतो आणि पुन्हा बुडतो, दिवसभर. जगात थोडेच उरले आहेत. त्यांना झाडं नकोत, शेत नको, कुंपण नको, मोकळं गवत हवं. मायाबाईंनी त्या रविवारी लिहिलं, "गवतात बसून कोणीतरी लेकराला वर उडवून झेलतंय, असं वाटावं."

तो मजकूर दूरवर गेला. पुढल्या आठवड्यात कोपरभर लांबीचे कॅमेरे गळ्यात घालून मंडळी दवाखान्यात आली. माळ कुठे आहे, गवतात गाडी जाते का, घरटं जवळून दाखवाल का. मायाबाईंनी त्यांना बसवलं, माझं पाणी पाजलं आणि भलत्याच तालुक्याचा रस्ता दाखवला. त्या दिवशी त्यांनी एक शिस्त लावून घेतली. माळाचं नाव लिहायचं नाही, सांगायचंही नाही. पुढे सगळ्या लिखाणात फक्त 'आमचा माळ' एवढंच आलं. गोदाबाईला ठाऊक होतं, पण बकऱ्यांना चारा कुठे आहे ते ती सख्ख्या जावेलाही सांगत नसे. बाकी बोरमाळात ते कोणालाच कळलं नाही. खुशालराव तर दर रविवारी सदर मोठ्यानं वाचत आणि भेटले की विचारत, "बाई, तो तुमचा माळ हाये तरी कुठी? एकदा डोयानं पाहाचा हाये." मायाबाई हसून त्यांच्या म्हशीची चौकशी करायच्या.

लिखाणाबरोबर मायाबाईंनी गावात पुष्कळ कामंही केली. उन्हाळ्यात माळाला आग लावायची रीत होती, नवं गवत जोमानं येतं म्हणून. मायाबाईंनी गायक्यांना, म्हणजे गावची ढोरं राखणाऱ्यांना, टिटवीची जळालेली अंडी हातावर ठेवून दाखवली. ती रीत गेली. गवताची कापणी दिवाळीपर्यंत पुढे ढकलली गेली, कारण तोवर पिलं उडती होतात. तणमोराचं नाव न काढता हे सगळं त्यांनी ढोरांच्या भल्यासाठी म्हणून सांगितलं आणि ढोरांचं भलं झालंही. पुस्तक निघालं, अमरावतीला मोठा सत्कार झाला. संयोजक मला बाजूला ठेवा म्हणत होते, फोटोत बरं दिसत नाही म्हणून. मायाबाई मला घेऊनच मंचावर चढल्या. मी पाहुण्यांच्या शालीवर ठिबकले. वर्तमानपत्रात आमचा दोघींचा फोटो आला आणि त्यात मी जास्त चांगली आले आहे.

तरी माझे वाईट दिवस आलेच. बाटलीबंद पाणी आलं. गाडीत बाटल्या, कार्यालयात बाटल्या, सभेत प्रत्येकाच्या पुढ्यात एक बाटली. मायाबाईंची मुलगी नीलम म्हणाली, आई, आता त्या पिशवीला आराम दे. मला दाराआडच्या खिळ्याला टांगलं. मित्रांनो, छागलीला आराम मानवत नाही. पाणी नसलं की माझे धागे आक्रसतात, शिवण कडक होते, घडीवर चिरा पडतात. एक पाल माझ्या आडोशाला राहायला आली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण बोलायला ती फार कंटाळवाणी होती.

मला खाली काढलं ते एका गाईमुळे. पोट फुगून मेलेल्या गाईची चिरफाड करताना डॉक्टरांच्या हाताशी मायाबाई होत्या. पोटातून प्लास्टिकचा गोळा निघाला. घरी आल्या, हात धुतले, घरातल्या सगळ्या बाटल्या गोळा करून दाराबाहेर ठेवल्या आणि मला बादलीत बुडवलं. मी इतकी वाळले होते की पहिल्यांदा भरलं तेव्हा सगळं पाणी अंगणात गेलं. नीलम हसली. मायाबाईंनी पुन्हा भिजवलं, पुन्हा भरलं, पुन्हा गळू दिलं. हळूहळू धागे एकमेकांना ओळखू लागले आणि एका सकाळी मी पाणी धरलं. त्या दिवसापासून मी खिळ्यावर गेलेली नाही.

आता खरी गोष्ट सांगते. ती अलीकडचीच आहे. मायाबाई निवृत्त व्हायच्या होत्या. एका संध्याकाळी खुशालराव पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या घरी आले. आता ते बोरमाळचे सरपंच होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. पाणी घेतलं, ऐसपैस बसले आणि म्हणाले की गावानं ठराव केला आहे. डॉक्टरीनबाईंनी सारी जिंदगी निसर्गासाठी घालवली, तर त्यांच्या नावानं गावानं एक बन उभं करायचं. रोपं मिळाली आहेत, खड्डे खणायला जेसीबी सांगितला आहे, तारेचं कुंपण येणार आहे, पाटीसुद्धा रंगवून झाली आहे, 'मायाबाई वन'.

"जागा कुठची?" मायाबाईंनी विचारलं.

"इक्लासची. दुसरी कोनती? रिकामीच तं पडली हाये."

मी मायाबाईंच्या मांडीजवळ टेकून होते. त्यांनी बूच काढलं आणि तहान नसताना पाणी प्यायल्या.

मग म्हणाल्या, "नको हो भाऊ. कशाले एवढं?"

इथे तुम्हाला आमच्या मुलखाची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे पंगतीत कोणी नको म्हटलं की वाढपी दुप्पट वाढतो. पहिल्या आग्रहाला हो म्हणणारा माणूस अधाशी ठरतो आणि पहिला 'नको' ऐकून थांबणारा वाढपी कंजूष. खुशालराव वऱ्हाडातले पक्के यजमान. बाईंचा नकार ऐकून ते खूश झाले. किती साधी बाई, म्हणत परत गेले. दोन दिवसांनी फोन आला, बाई, बनाले कमान बी घेऊन राहिलो. मायाबाई म्हणाल्या, खरंच नको. पुन्हा फोन आला, कमानीपासून फरशीची पायवाट आणि सिमेंटची बाकडी. मायाबाई जरा आवाज चढवून नको म्हणाल्या, तर शिलान्यासाला पाहुणे ठरले. नीलम म्हणाली, "आई, आणखी एकदा नको म्हण, म्हणजे पुतळाच उभा राहील."

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. बन झालं की कुंपण येणार, कुंपण आलं की वर्षानुवर्षं चराई बंद. गोदाबाईच्या बकऱ्या आणि गावची ढोरं जाणार कुठे? झाडं वाढली की गवत मरणार, झाडावर कावळे बसणार आणि कावळ्यांना जमिनीवरची अंडी आयती दिसणार. तणमोर पुन्हा येणार नाही. मायाबाईंनी उभ्या आयुष्यात जे राखलं, ते त्यांच्याच नावाची पाटी लावून संपणार होतं.

नीलम म्हणाली, मग सरळ सांग ना, की तुझा तो माळ हाच. मायाबाई मनात हिशेब करत होत्या. सांगितलं तर माळाचं नाव गावभर होणार, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आणि तिसऱ्या दिवशी गवतात गाड्या. नाही सांगितलं तर जेसीबी येणार. असं त्यांना अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माजलेल्या वळूसमोर त्या घाबरल्या नव्हत्या, पण पेढे घेऊन आलेल्या माणसापुढे त्यांचं काही चालेना.

शेवटी एका सकाळी त्यांनी मला भरलं, बोरमाळ गाठलं आणि खुशालरावांना इक्लासवर बोलावलं. मे महिना होता. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि त्यावर खड्ड्यांसाठी चुन्याचे ठिपके मारले होते, रांगेनं, पार लांबवर. खुशालराव कौतुकानं दाखवू लागले, इथं कडुनिंब, तिथं करंज, मधात कमान.

मायाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमाले माहा माळ पाहाचा होता न?"

"हो. कवा जाचं?"

"त्यावरच उभे हाये तुमी."

खुशालराव हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी चारी बाजूला पाहिलं. लहानपणापासून ज्या जमिनीवर ढोरं हाकलली, ती पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

"लेकरू उडवून झेलते, ते... इथी?"

"इथीच. त्या उतारावर."

ते मटकन खाली बसले, थेट चुन्याच्या ठिपक्यावर. मला वाटलं, आता आनंदानं काही म्हणतील. मायाबाईंनाही तसंच वाटलं असावं. पण त्यांनी मान वर केली तेव्हा डोळे लाल झाले होते.

"अख्ख्या जिल्ह्यानं वाचलं. मी दर ऐतवारी पारावर बसून लोकाईले वाचून दाखवलं. अन् मले नाई सांगतलं?"

"नाव फुटलं असतं भाऊ."

"माह्या तोंडून?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं पानी मी माह्या बापासमोर पेलो, बाई. तवा मी नाई इचारलं का गाव काय म्हनन. अन् तुमी माह्यावर एवढासा भरोसा नाई ठेवला."

वाळल्या गवतात मायाबाईही खाली बसल्या. मी दोघांच्या मध्ये ठिबकत राहिले.

मग त्या म्हणाल्या, "चुकलंच माह्यं. पाखरू लपवता लपवता मी तुमालेच परकं केलं. तुमाले ठाऊक असतं तं हे ठिपके पडलेच नसते." आणि जरा थांबून, "पन आता सांगतलं. आता हे तुमच्या हातात हाये, माह्या नाई."

"अन् बन?"

"मले देयाचंच असन, तं मी मांगते ते द्या."

मित्रांनो, पंगतीतला आग्रह 'नको'नं थांबत नाही. पण पाहुण्यानं आपणहून काही मागितलं तर यजमानाला तेच वाढावं लागतं. हे मायाबाईंना तेव्हा सुचलं. पहिल्या दिवशी सुचलं असतं तर माझं एवढं पाणी आटलं नसतं. त्यांनी मागितलं ते असं, की ग्रामसभा पुन्हा घ्या, पण पंचायतीत अकरा वाजता नको. तेव्हा ढोरं राखणारे रानात असतात. सभा आखरावर घ्या, जिथे गावची ढोरं सकाळी गोळा होतात, आणि ती चरायला निघायच्या आधी.

खुशालराव उठले. धोतराला लागलेला चुना झटकला. "इचारून पाहतो," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता गेले.

सभा झाली. गावातल्या सभा मी पुष्कळ पाहिल्या, पण गाई-म्हशींच्या हंबरण्यात भरलेली ती पहिलीच. तरुण पोरं नाराज होती. एकानं मायाबाईंना ऐकवलं की झाडं लावा असं तुम्हीच तर लिहिलं होतं. मायाबाई म्हणाल्या, हो, रस्ता रुंद करताना सडकेची झाडं तोडली तेव्हा लिहिलं होतं. सडकेला, घराला, शाळेला झाड हवंच. पण हा माळ झाडांवाचून ओकाबोका झालेला नाही, तो मुळातच गवताचा आहे. पाखराचं नाव त्यांनी घेतलं नाही. मग गोदाबाई उभी राहिली. ती सभेत कधी बोलली नव्हती, कारण सभेच्या वेळी ती कधी गावात नसायचीच.

"डॉक्टरीनबाईले बन द्या, कमान द्या, हत्तीवरून मिरवा," ती म्हणाली. "पन तारेच्या आत माह्या बकऱ्या जातीन कशा, ते सांगा. का त्याईले बी कमानीतून तिकीट काढून पाठवू?"

आखरावर हशा पिकला. हसणाऱ्यांकडे तिनं असं पाहिलं की हशा बसला. गायकी लोक एकेक करून बोलू लागले. खुशालराव शेवटी उठले. सगळ्यांना वाटलं, सरपंच ठरावावर अडून बसणार. ते म्हणाले की बाईंनी आजवर गावाला काही मागितलं नाही, आता गवत मागितलं आहे. मागितलेलं सोडून दुसरंच देणारा माणूस देणारा नव्हे, मिरवणारा असतो. "म्या बी मिरवालेच निंगालो होतो," त्यांनी सांगून टाकलं. इक्लास गवताचीच राहील, कापणी दिवाळीनंतर होईल आणि हे पुढच्या सरपंचावरही बंधनकारक राहील, असं त्या सकाळी ठरलं. ढोरं उशिरा सुटली. त्या दिवशी गावात दुधालाही उशीर झाला, पण कोणी कुरकुर केली नाही.

रोपं वाया गेली नाहीत. शाळेच्या वाटेला लागली, आखराच्या कडेला लागली, ज्यानं त्यानं आपल्या अंगणात नेली. पाटीचं काय करावं, हा प्रश्न होता. खुशालरावांच्या गोठ्याच्या छपराला भगदाड होतं, तिथे ती बसली. अक्षरं आतल्या बाजूला आली. त्यामुळे त्यांची म्हैस सध्या 'मायाबाई वना'त बांधलेली असते. ती समाधानी दिसते.

पावसाळ्यात गवत वर आलं. मायाबाई मुद्दाम गेल्या नाहीत. त्यांनी खुशालरावांना एवढंच सांगितलं की उतारावर, कडेला उभं राहायचं, आत शिरायचं नाही. मग रोज सकाळी फोन यायला लागले. आज नाई दिसला. आज बी नाई. गवत मांडीले लागून राहिलं. आज छत्री इसरलो. एवढ्या वर्षांत ज्या माणसानं त्या जमिनीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तो रोज तासभर चिखलात उभा राहून 'काही नाही' बघत होता आणि ते कळवायला फोन करत होता. मायाबाई प्रत्येक फोन मन लावून ऐकायच्या. मग एके दिवशी फोन आला तर पलीकडून नुसती कुजबुज. मायाबाईंनी विचारलं, हळू काहून बोलता?

"तो आयकन न," खुशालराव म्हणाले.

मायाबाईंनी त्याबद्दल त्या रविवारी काही लिहिलं नाही. सरपंच रोज चिखलात कशासाठी उभे राहतात ते गावाला कळलंच होतं; ती बातमी बोरमाळची होती आणि बोरमाळनं ती आपल्याजवळ ठेवली. कॅमेरेवाले अजून येतात. पारावरची माणसं त्यांना चहा पाजतात आणि इतक्या मनापासून चुकीचा रस्ता सांगतात की मला त्यांचा अभिमान वाटतो. तुम्हीही शोधायला निघू नका. बोरमाळ हे गावाचं खरं नाव नाही. बाईंची शिस्त मीही पाळते.

आणि आता माझं थोडं. परवा बोरमाळच्या शाळेतले गुरुजी आले होते. डॉक्टरीनबाईंची छागल शाळेला द्या म्हणाले. काचेची पेटी करू, आत दिवा लावू, खाली नाव लिहू. माणसं प्रेमळ आहेत, म्हणून सांगणं अवघड जातं. पण मित्रांनो, ज्याच्यावर तुमचं प्रेम आहे त्याला काय हवं, हे आधी विचारत जा. तुमच्या गावाबाहेरही एखादा तुकडा असेल, तुम्हाला तो रिकामा दिसत असेल. तिथे काहीतरी उभारायचा उत्साह आला तर एक सकाळ नुसते जाऊन उभे राहा. तिथे चरणाऱ्याला विचारा, रांगणाऱ्याला विचारा, उडणाऱ्याची वाट पाहा. मग ठरवा.

मायाबाईंनी गुरुजींना अजून उत्तर दिलेलं नाही, पण मी माझं सांगून टाकते, आणि मायाबाईंना उशिरा सुचलं तसं, नको न म्हणता मागूनच घेते. मला भरा. बूच घट्ट लावा. शाळेतल्या ज्या वर्गाची सहल रानात निघेल, त्यातल्या एकाच्या खांद्यावर मला द्या. मी वाटभर ठिबकेन, तुमचे कपडे ओले करेन, आणि ऊन डोक्यावर आलं की तुम्ही माझ्याखाली ओंजळ धरा.